मिसरीचं बोट

दुपारी फॉर्म भरता भरता डोळा लागतोय. पेन अजून हातात आहे. शेजारी वनिताच्या घरात कुकरची दुसरी शिट्टी होते. तिसरीची वाट बघत मी पडून राहते, पण तिसरी होतच नाही. त्याऐवजी वास येतो, तव्यावर तंबाखू भाजल्याचा.

चुलीपाशी हौसाक्का बसलीय. वनिताची सासू, आमच्या खालच्या आळीतली. गेल्या आषाढात गेली. गालात गाठ झाली, मग जबडा काढला, मग तीही गेली. आता मात्र तोंड अख्खं आहे. भाजलेली तंबाखू तळहातावर चुरतेय.

"अक्का, अजून हेच?"

"दात घासाया नगं? मेले म्हनून काय पारोशी बसू व्हय?"

मला हसू येतं आणि पाठोपाठ राग. मी आशा वर्कर. बारा वर्षं दारोदार विचारतेय, तंबाखू-गुटखा खाता का? दोन वर्षांपूर्वी तिलाही विचारलं होतं. "न्हाई" म्हणाली. मी "नाही" लिहिलं, आणि तोंड तपासायच्या यादीतून तिचं नाव गळलं.

"खोटं का बोललीस गं?"

"खोटं? तंबाखू बाप्ये खात्यात. ही दात घासायची मिसरी हाय. आनि तू समोरच बसलीवतीस की! तोंडात बोट ठिवूनच 'न्हाई' म्हनले मी."

"फॉर्मात मिसरीचं विचारलं नव्हतं."

"मग फॉर्मालाच कॅन्सर व्हायला पायजे व्हता."

ती चूळ भरायला उठते, आणि चूळ पडते ती वरच्या आळीतल्या पाटलीणबाईंच्या पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये. वर आरसा, पेल्यात चार ब्रश. माझ्या लहानपणी या घरची मिसरीही आमच्याच तव्यावर भाजायची. पाटलीणबाईंचे दात आमच्याइतकेच काळे होते. पुढं त्यांची लेक दातांची डॉक्टर झाली. तिनं आईची डबी उकिरड्यावर भिरकावली, आणि बघता बघता सगळ्या वरच्या आळीनं डब्या टाकल्या.

"आमची डबी फेकाया कोन आलं न्हाई," अक्का आरशात दात बघत म्हणते.

"मी आले होते की."

"तू फॉर्म घिऊन आलीवतीस."

आरशातून आरोग्य केंद्राचे साहेब बोलायला लागतात. मीटिंग चालू आहे, आम्ही सगळ्या आशा सतरंजीवर. "या गावात बारा वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरचे सात पेशंट. यंदाही सातच. आकडा वाढू दिला नाही. शाबास!"

मी उठून ओरडते, "साहेब, तेव्हा चार वरच्या आळीतले होते, तीन खालच्या! आता सातच्या सात खालचे!" साहेब पुढचं पान उलटतात. टाळ्या वाजतात. अक्काही वाजवतेय.

"तू कशाला वाजवतीस?"

"सातात मी हाय की. माजंबी कौतुक चाललंय." मग टाळी थांबवते. "वनिताचा फॉर्म भरलास?"

"सकाळीच."

"काय लिवलंस?"

मी सतरंजीची दशी ओढत बसते. सकाळी वनितानं चहा दिला होता. म्हणाली, "मावशी, आमटीचा घास घेतला तरी तोंड भाजतंय हल्ली." मी म्हटलं, "चटणी कमी टाक." आणि तंबाखूपुढं 'नाही' लिहून पुढच्या प्रश्नाकडं वळले.

"अक्का, तिला मिसरी कुणी लावायला शिकवली?"

सतरंजीवर आता आम्ही दोघीच. ती पदर तोंडाला लावते, शेवटच्या महिन्यांत लावायची तसा.

"दाढ दुकत व्हती पोरीची. रडाय लागली. म्या माज्या बोटानं लावली." पदरातून आवाज नीट येत नाही. "मालन, तिचं तोंड उघडून बघ. माजं ऱ्हायलं, तिचं बघ."

तिसरी शिट्टी होते.

मी उठून बसते. पेन घरंगळत चुलीपर्यंत गेलंय. उजव्या हाताचं बोट, पेन धरायचं, पहिल्या पेरापर्यंत काळं आहे. शाई असेल म्हणून मी हुंगते. शाई नाही, मिसरी. माझ्या घरात एकोणीस वर्षं मिसरीची डबी नाही.

मोरीत जाते, तांब्या भरून घेते, आणि तसाच खाली ठेवते. डाव्या हातानं टॉर्च उचलते, चपला पायांत सरकवते. आज वनिताला फॉर्मातला प्रश्न वाचून दाखवायचा नाही. हे बोट तिच्यासमोर धरायचं, आणि म्हणायचं, आ कर.