शुक्रवारच्या फोनवर न मावलेलं

मुलगी म्हणते, आई, एका सेकंदात पोचतं, तू तीन-तीन आठवडे कसली थांबतेस? दीर म्हणतात, वहिनी अजून जुन्याच जमान्यात. म्हणू देत. मी नवऱ्याला पत्रच लिहिणार. चौथीपर्यंत शिकले, अक्षर गिचमिड आहे, पण लिहायला बसले की मला मध्येच कोणी थांबवत नाही.

नवरा मस्कतला आहे, सहा वर्षं झाली. एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते, म्हणून संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. आमची नाहूरची खोली एवढीशी. फोन टीव्हीला टेकवून ठेवायचा, समोर सासूबाई, बाजूला मुलगी, आणि दीर त्यासाठी मुद्दाम भांडुपहून यायचे. मी मागे ओट्यापाशी. शेवटी कोणीतरी फोन माझ्याकडे वळवायचं. मी विचारायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." सहा वर्षांत आम्ही नवरा-बायको फोनवर एवढंच बोललो म्हटलं तरी चालेल.

यंदा कंपनीने त्यांना आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायला सांगितलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "कर रे सही, गावच्या घराचा छप्पर तरी होयत." ते हसले, म्हणाले, "बघू." माझ्या तोंडात आलं होतं, करू नका. पण तिघांच्या डोक्यांवरून ओरडून नवऱ्याला ये म्हणायचं, हे मला जमलं नाही.

मग मुलीच्या वहीचा कागद घेतला आणि दोन्ही बाजूंनी लिहिलं. सही करू नका. तुम्ही गेलात तेव्हा मुलगी चौथीत होती, आता दहावीला आहे, ती माझ्यापेक्षा उंच झालीय ते तुम्हाला फोनमध्ये कळत नाही. तुमचा निळा शर्ट मी ठेवला होता, तो चुकून धुतला, आता त्याला तुमचा वास राहिला नाही.

मुलगी म्हणाली, "दे, फोटो काढून पाठवते, लगेच मिळेल बाबांना." मी दिला. तिने घाईघाईत तो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, तिने काढूनही टाकला, पण तोवर दिरांनी वाचलेला. त्यांनी लिहिलं, "वहिनी, अर्ज उत्तम आहे. मंजुरीसाठी पुढे पाठवतो." खाली हसणारी तोंडं. मग त्यांनी सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलंही.

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय गो, माझ्या झिलाक परत बोलवतंस? आणि ता शर्टाच्या वासाचा काय ता?"

मुलगी रडायला लागली. माझे कान तापले होते. एरवी मी "चुकलं" म्हणून मोकळी झाले असते. पण शर्टाचं सगळ्यांना कळलंच होतं, आता लपवायला काय उरलं होतं?

"होय, बोलवते," मी म्हणाले. आवाज बारीकच निघाला, पण त्यांना ऐकू गेला.

त्या दिवशी दिरांकडून कळल्यावर नवऱ्याने कामाच्या मधल्या सुट्टीत फोन केला. "अगं, असलं लिहायचं कशाला? फोनवर सांगायचं ना."

"फोनवर तुम्ही सगळ्यांचे असता," मी म्हणाले आणि ठेवला.

तोच कागद घेऊन मी पोस्टात गेले. एकटी गेलेली ती पहिलीच वेळ. कागदावर जागा उरली होती तिथे आणखी लिहिलं होतं : फोटो सगळ्यांचा झाला, हा कागद तुमचा. तुम्हाला काय पाहिजे ते मला लिहून कळवा. खिडकीतला माणूस पाकीट वजनाला ठेवत म्हणाला, "मावशी, व्हॉट्सअॅप नाही काय?"

"आहे. पण त्यावर पाठवायचं नाही."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिकिटं लावली.

उत्तर यायला महिना लागला. त्या महिन्यात टोमणे काही कमी झाले नाहीत. नवऱ्याने हॉटेलच्या कागदावर लिहिलं होतं : वाफेच्या प्रेसने उजवा हात पोळलाय, जखम भरत आली की पुन्हा पोळतो. फोन मी डाव्या हातात धरतो म्हणून तुम्हाला दिसत नाही. मला सही करायची नाही, पण आईचा चेहरा समोर आला की तोंडातून निघत नाही. तू सांग.

मला हसू आलं आणि रागही आला. रिक्षाला हात करायला लाजते त्या बाईला हे सांगतात, तू सांग! पण मला त्यांनी विचारलं होतं, माझ्यावर सोपवलं होतं. सहा वर्षांच्या शुक्रवारांत एकदाही कोणी तसं केलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी फोन लागला. ते हसत होते. सासूबाई दिरांना म्हणाल्या, "बघ, कसो मजेत आसा."

मी ओट्यापासून पुढे आले आणि सासूबाईंच्या शेजारी खाली बसले.

"आई, ते मजेत नाहीत. सही करणार नाहीत. करार संपला की घरी येतायत, कायमचे."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" दीर म्हणाले.

"पत्र आलंय."

"दाखवा बघू."

"नाही दाखवणार."

"वहिनी, घरातली गोष्ट आहे ही."

"पत्र माझं आहे, भावजी."

सासूबाईंनी फोनकडे वळून विचारलं, "खरा रे?"

त्यांचं हसणं थांबलं होतं. मग त्यांनी उजवा हात हळूच वर आणला आणि आमच्यासमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. मुलगी "बाबा" म्हणून ओरडली. दिरांनी फोन उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या तिथेच," मी म्हणाले. "मला दिसतंय."