अखंड निघालेली गोळी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. मेहुण्याचा विषय निघाला की बायको म्हणायची, "त्याने शेतकऱ्याची मेंढी मारली, म्हणून त्याची रायफल गेली." मी ऐकून घ्यायचो. मेंढी मी मारली होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ब्रिस्टलबाहेरच्या एका शेतावर तो कोल्हे मारायला जायचा. कोकरं जन्मायच्या दिवसांत शेतकरीच त्याला बोलावून घ्यायचा. मी रिटायर झाल्यावर त्याने मलाही नादी लावलं. मी लायसन काढलं, रायफल घेतली. त्याच्या गॅरेजमध्ये शेजारी बसून आम्ही काडतुसं भरायचो. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साफ करायची, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. नियम एकच: ज्याचं काडतूस त्याच्याच रायफलीत.

तो पातळ आवरणाच्या गोळ्या वापरायचा. लागताक्षणी त्यांचा चुरा होतो, त्यामुळे दगडावरून उसळून सहसा भलतीकडे जात नाहीत. मी जन्मभर इंजिनिअर, मला नेम हवा होता. मी टार्गेटच्या, जाड आवरणाच्या, न फुटणाऱ्या गोळ्या आणल्या. रेंजवर कागदी टार्गेटमध्ये माझी भोकं एकमेकांत मिसळायची.

"दाजी, कोल्हा कागदाचा नसतो," तो म्हणाला. "या शेतावर आणू नका."

"बरं," म्हणालो, आणि नेल्या.

त्या सकाळी आम्ही दोघांनीही गोळ्या झाडल्या. माझा कोल्हा निसटला. मग शेतकऱ्याने बोलावलं. कुंपणापलीकडे मेंढी मरून पडली होती. चाकूने काढलेली गोळी त्याने मेहुण्याच्या हातावर ठेवली. वाकलेली, पण अखंड.

"कोणाची?"

मेहुण्याने आधी गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मी बुटांवरचा चिखल बघत राहिलो.

"इथे शिकारीची परवानगी माझ्या नावावर आहे," तो शेवटी म्हणाला. "माझीच समजा."

त्या शेतावर जाणं बंद झालं. त्याला दुसरं शेत मिळालं नाही, आणि शेत नसेल तर इथल्या कायद्याने अशी रायफल ठेवायला कारणच उरत नाही. त्याने ती विकली.

परतताना गाडीत तो एवढंच बोलला, "मेंढीचं काही नाही हो. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो."

मागच्या हिवाळ्यात तो हॉस्पिटलमध्ये होता. बायको चहा आणायला गेली, आम्ही दोघंच उरलो.

"बोला दाजी," तो म्हणाला.

"हीटिंग फार आहे इथे," मी म्हणालो. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. महिन्याभरात तो गेला.

म्हणायचं होतं ते हे: तू मी बोलायची वाट बघत होतास, ते मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी गप्प बसलो. मला माफ कर.