वारा पडला की

“चावला नाही, चावली,” ताई म्हणायच्या.

कुणी दंड खाजवत “डास चावला” म्हणालं की त्यांची तर्जनी वर व्हायची. शुद्धलेखनातली चूक दाखवावी तशी त्या दुरुस्ती करायच्या. “चावते ती मादीच. तिला अंडी घालायची असतात, त्यासाठी रक्त लागतं. तुमच्याशी तिचं काही वैर नाही.” ऐकणारा मिनिटभर खाजवायचं विसरून जायचा. वैर नसताना कुणी आपलं रक्त पितंय, हे ऐकून बरं वाटावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच बघा.

आम्ही तेव्हा नुकते पुण्याहून युट्रेख्टला आलो होतो. मी रोज ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या व्यापारी भागातल्या ऑफिसात जायचो, केतकी घरी बसून नोकरी शोधायची. एका संध्याकाळी सुपरमार्केटमधून कांदे आणायचे राहिले म्हणून जिन्यातच आमची जुंपली. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, या खात्रीने आम्ही आवाज चढवला होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शुद्ध मराठीत आवाज आला, “भांडण संपवा. कांदे माझ्याकडे आहेत.”

त्या ताई. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. विद्यापीठात चावणाऱ्या किड्यांवर संशोधन करायच्या. एकट्या राहायच्या. त्यांच्या खिडक्या उन्हाळाभर सताड उघड्या असत, आणि जाळी एकाही खिडकीला नव्हती. हातावर डास बसला तर त्या बोलणं न थांबवता नुसत्या बघत राहायच्या. आपण मारायला हात उचलला की म्हणायच्या, “थांब, बघू तर दे कोण आहे.”

मराठी मंडळाच्या सहलीत सगळे त्यांना डासांवर उपाय विचारायचे. लिंबू लावू का, लसूण खाऊ का, असे प्रश्न. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. फिके कपडे घाला, अंग झाका आणि मुख्य म्हणजे पळू नका. पळालं की धाप लागते, आणि डास माणसाचा माग काढतात तो श्वासावरून. “श्वास सोडलात की पत्ता दिलात,” असं म्हणून त्या शांतपणे पुढचा घास घ्यायच्या. सहलीला आलेली निम्मी मंडळी मग उगाच श्वास रोखून बसायची.

त्यांचं खरं काम होतं उत्तरेला, एका दलदलीच्या रानात. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नव्हत्या, आणि बसने तिथवर पोचता येत नसे. मग उन्हाळ्यातल्या शनिवारी मी त्यांना नेऊ लागलो. घरांच्या रांगा संपायच्या, मग कालवे संपायचे, आणि पुढे नुसती सपाट, तपकिरी जमीन. मधेमधे काळं पाणी, त्यात अर्धवट बुडून मेलेली झाडं. पाय ठेवला तर जमीन खालून हलायची. आत जायला एक लाकडी फळ्यांची वाट होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. ती सोडून बाजूला पाऊल टाकायचं नाही, हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या वाटेच्या टोकाला ताई एका लहान स्टुलावर बसायच्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. पायावर जे बसेल ते काचेच्या नळीने ओढून घ्यायचं, हेच काम. आधी यायच्या गोमाश्या, हिरव्या डोळ्यांच्या, कपड्यातूनही चावणाऱ्या. ऊन उतरलं की डास. आणि वारा पडला की चिलटं, धुरासारखी, दिसायच्या आत नाकाडोळ्यांत शिरणारी. मी डोक्यापासून गळ्यापर्यंत जाळीची टोपी घालून बसायचो. डब्यातलं थालीपीठ खाताना जाळी उचलायची, घास कोंबायचा, जाळी सोडायची. तेवढ्यातही चार-दोन आत यायची. “शाकाहारी असशील तर डोळे मिटून खा,” ताई म्हणायच्या.

एकदा परतताना मी विचारलं, की या नादाला त्या लागल्या कशा. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गोंदियाकडे वनखात्यात होते. सभोवती भातखाचरं. पाठचा भाऊ पाच वर्षांचा असताना पावसाळ्यात त्याला ताप आला, मेंदूत गेला, आणि आठवडा उलटायच्या आत तो गेला. डास चावून असं होतं, हे घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. “त्याच्या शेजारीच झोपायचे मी,” ताई म्हणाल्या. “एकच मच्छरदाणी होती. फाटलेली बाजू त्याच्याकडे होती.”



दोन हजार सहाचा उन्हाळा इथे असलेल्या कुणाला विसरता येणार नाही. जुलैत असा उकाडा झाला की झाडांची पानं कडेने करपली, ट्रेनमध्ये माणसांना भोवळ यायला लागली. त्याच दिवसांत ताई लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागल्या. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या असताना केतकीने हट्टाने त्यांची बाही वर केली. हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजून चकाकत होता. तेव्हा कुठे कळलं, की इतकी वर्षं चावून घेतलेलं शरीर आता उलटलं होतं. डॉक्टरांनी रानात जायला मनाई केली होती, आणि वेळ आलीच तर मांडीत टोचायला अॅलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन जवळ दिलं होतं. केतकी खूप बोलली त्यांना. ताईंनी ऐकून घेतलं आणि वरणभात कालवत म्हणाल्या, “एवढा उन्हाळा. मग बंद.”

मी नेलं नसतं तर त्या टॅक्सी करून गेल्या असत्या. त्यापेक्षा आपण बरोबर असलेलं बरं, असं मी केतकीला समजावलं.

त्या शनिवारी आभाळ पांढरं फटक होतं. गवताचं पातं हलत नव्हतं. रानाच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कुरण होतं. त्याचे घोडे एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून उभे होते, शेपट्या सारख्या चालू. म्हातारा फाटकापाशी आला आणि डच भाषेत ताईंशी बराच वेळ बोलला. तो काय म्हणतोय, मी विचारलं.

“आज आत जाऊ नका म्हणतो. असा दिवस त्यानेही बघितलेला नाही.”

“मग परत जाऊ या.”

“म्हणून तर आलोय,” ताई म्हणाल्या आणि फळ्यांवर चढल्या.

ऊन उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एक बारीक आवाज यायला लागला. तो एका बाजूने येत नव्हता, पाण्यावरून, गवतातून, वरून, सगळीकडून येत होता. माझ्या जाळीवर इतकी चिलटं बसली की समोरचं धूसर झालं. काच फुटल्याचा आवाज झाला म्हणून वळलो. ताईंच्या हातातली नळी पडली होती. त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, ओठ सुजलेले.

“मिलिंद,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या, “जीभ जड होतेय. पिशवीतलं पेन काढ. घाई करू नकोस.”

मी कपड्यावरूनच त्यांच्या मांडीत पेन टोचलं. फोनला रेंज नव्हती. माझी जाळी काढून त्यांच्या डोक्यावर घातली, त्यांना पाठुंगळी घेतलं आणि निघालो. दोन्ही हात त्यांच्या पायांना धरायला गुंतलेले, त्यामुळे तोंडावरचं काही झटकता येत नव्हतं. कानांत, पापण्यांवर, ओठांच्या कोपऱ्यांत ती चिलटं नुसती भरत होती. एक डोळा मिटला तो उघडेना. पायाखालची फळी कुठे संपते तेही नीट दिसत नव्हतं, आणि पळावं असं सारखं वाटत होतं. कानाशी ताईंचा घोगरा आवाज येत होता. “तोंड मीट. नाकाने. हळू.” थोड्या वेळाने नुसतं “हळू.” मग तोही थांबला, आणि पाठीवरचं ओझं एकदम जड झालं.

वाटेच्या तोंडाशी तो म्हातारा गाडी चालू ठेवून उभा होता. आम्ही आत गेल्यापासून तो तिथून हललाच नव्हता. त्यानेच आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

ताई वाचल्या. पण दवाखान्यातून घरी आल्या त्या ताई वेगळ्या होत्या. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसल्या, त्यावर काचाही बंद. पुढच्या उन्हाळ्यात त्या घराबाहेर पडायच्या त्या फक्त सोसाट्याचा वारा असेल तेव्हा. केतकी वर जाऊन बसायची. खोलीत घुसलेली साधी घरमाशी भिंतीवर बसली तरी ताई बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि केतकीचं मनगट धरायच्या, घट्ट. केतकी उठून माशी मारायची. ताई थांब म्हणायच्या नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी आइसलँडमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. समुद्रातल्या माशांवरच्या परजीवींवर काहीतरी काम. तो देश का, हे विचारावं लागलं नाही. तिथे तेव्हा डास नव्हते. नदीकाठी चावऱ्या माश्या असतात, पण मी नदीकडे जाणारच नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. केतकीने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला.

त्या पहिल्याच हिवाळ्यात तिथे त्या गेल्या, झोपेत, हृदय थांबून. प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी आम्हाला कळवलं. त्याच्या आदल्या महिन्यात त्यांचा शेवटचा फोन आला होता. आवाज पहिल्यासारखा मोकळा होता. खिडकी उघडी टाकून झोपते म्हणाल्या. थंडीने दात वाजतात, पण उघडीच ठेवते.

“मग मजेत आहात,” मी म्हणालो.

“आहे ना. पण करमत नाही रे.” मग त्या म्हणाल्या, “इथल्या लोकांना वाटतं, आपल्याकडे डास कधीच येणार नाहीत.”

“येतील?”

“येतील,” ताई म्हणाल्या. “इथलेही उन्हाळे वाढतायत.”

फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. त्यांनी खिडकी लावली नव्हती.