भांडायला शेठजी पाहिजेत

बुलढाण्याच्या साऱ्या बाजारात आमच्या घरमालकीणबाईंइतकं मन लावून भांडणारं माणूस दुसरं नव्हतं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो असतो, तर त्या त्यावरूनच माझ्याशी भांडल्या असत्या. "बुलढान्यातच काऊन? खामगाव, मलकापूर कुठं गेलं?" असं त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर ठरलं असतं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं आणि माझी नोकरीही. मी साताऱ्याकडचा. गावात निघणाऱ्या सहकारी ग्राहक भांडाराचा व्यवस्थापक म्हणून इकडे आलो आणि बाईंच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाडेकरू झालो. जेवणही त्यांच्याकडेच. सारी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. देऊळघाट हे त्यांचं माहेर. अंगानं किरकोळ, आवाजानं भरभक्कम, आणि ऐन उन्हाळ्यातही कपाळावर कुंकू असं ठसठशीत की दुकानदाराला ते लांबूनच दिसावं आणि त्यानं सावध व्हावं. त्यांचे यजमान बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, देवमाणूस. ते कशालाही 'हाव', म्हणजे हो, म्हणत. भाजी खारट झाली का? हाव. अळणी आहे का? हाव. छप्पर गळतं का? हाव. मग दुरुस्त करायचं का? हाव. अशा माणसाशी भांडण करणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारण्यासारखं. त्यामुळे बाईंना भांडणाची सारी हौस बाजारात भागवावी लागे, आणि ती त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाच्या शेठजींवर भागवत.

शेठजींचे पूर्वज केव्हातरी मारवाडातून आलेले, पण आता ते स्वतः बोलायला लागले की अस्सल वऱ्हाडी. गादीवर मांडी घालून बसत आणि समोर बाई दिसल्या की डोक्यावरची टोपी नीट करत. बाई दुकानात कधी शिरत नसत. पायरीवर उभ्या राहत. आपण आत जायचं नाही, माल बाहेर यायला पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. आधी त्या तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवत, खाली चिंच चिकटवून ठेवलेली नाही ना ते पाहायला. तीस वर्षांत तिथे चिंच कधी सापडली नव्हती, पण म्हणून बोट फिरवायचं थांबवावं असं त्यांना वाटलं नाही. मग तांदळाचा दाणा दाताखाली, जिरं तळहातावर चोळून नाकाला, गुळाचा खडा जिभेवर. एवढं झालं की भांडणाला तोंड फुटे. वाक्यागणिक बाईंच्या तोंडी शेठजींचं 'तुमी' घसरत घसरत 'तू'वर येई आणि पिशवी भरली की पुन्हा 'तुमी' होई. नुकताच किलो आला होता, त्याच्यावरही बाईंचा राग होता. "हा किलो म्हंजे शेराचाच चुलतभाऊ दिसते," त्या म्हणत, "पन वळन चांगलं नाई त्याचं." यावर शेठजी म्हणत, "बाई, किलो मी पैदा नाई केला, सरकारनं केला." "मंग सरकारले बसव ना गादीवर!" असं बजावून बाई प्रसन्न चेहऱ्यानं घरी येत आणि चूल पेटवत.

एकदा शेठजींना ताप आला आणि गादीवर त्यांची बायको बसली. ती बिचारी गरीब. बाईंनी जे मागितलं ते तिनं दिलं, वर मूठभर जास्तच घातलं, तांदळाला नाव ठेवलं तर म्हणाली, "तुमीच बरोबर असान बाई." बाई भरलेली पिशवी घेऊन घरी आल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. "काय झालं?" मी विचारलं. "काय होते? आज बजार केल्यासारखाच वाटून नाई राह्यला," त्या म्हणाल्या. दुपारी त्यांनी गवती चहा, आलं आणि तुळशीचा काढा केला, शेठजींच्या घरी नेला आणि खिडकीतून त्यांना पाजता पाजता एवढं फैलावर घेतलं, की संध्याकाळपर्यंत ताप उतरला. काढ्यानं की बोलण्यानं, हे वैद्यालाही सांगता आलं नसतं.

पण बाईंचा खरा दरारा होता तो तुरीच्या डाळीबाबत. बाईंच्या तोंडी डाळीची 'दाय' होई, आणि दाय हा शब्द त्या देवाचं नाव घ्यावं तसा घेत. नवी तूर भरडून डाळ बाजारात आली की गल्लीतली सगळी घरं वर्षाची बेगमी करत, आणि ती डाळ कुठून घ्यायची ते बाईंच्या चुलीवर ठरे. दुकानदार नमुन्याची मूठ आणून देत. बाई एकाच मापाची पितळी पातेली, त्यांच्या भाषेत गंज, चुलीवर ठेवत, पाणी एकाच घागरीतलं, जाळ सारखा, आणि बायका भोवती बसून राहत. वेळ झाली की बाई एकेका गंजातला दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून दाबत. मेणासारखा दबला तर डाळ 'उभी', कण लागला तर डाळ 'पडली'. बाईंचा शब्द शेवटचा. त्यात त्यांनी कधी सोयरा पाहिला नाही की शेजारी. बहुतेक वर्षी शेठजींचीच डाळ उभी राही. त्यांचं दुकान चाले ते या एका दिवसाच्या जोरावर, बाकी वर्षभर मीठमिरचीवर काय पिकणार?

अशा गल्लीच्या नाकासमोर आम्ही भांडार उघडलं. आत भिंतीभर मांडण्या, त्यांवर कागदी पिशव्यांत वजन करून बांधलेला माल, दारात टोपल्या आणि वर पाटी : 'स्वतः निवडा, स्वतः घ्या.' पहिल्या दिवशी गर्दी लोटली, पण कुणी कशाला हात लावेना. देवदर्शनाला आल्यासारखे लोक हात जोडून मांडण्यांसमोरून फिरले आणि बाहेर पडले. हात लावला तो बाईंनी. त्यांनी डाळीची पिशवी उचलली, हुंगली, आणि मी धावत पोचेपर्यंत तिचा कोपरा दातांनी फोडून चार दाणे तोंडात टाकले.

"बाई, फोडली तर घ्यावी लागते," मी म्हणालो.

"चाखल्याबिगर कोन घेते बाबू? सोयरीक तरी न पाह्यता करते का कोनी?" दाणे चावत बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "बरं, भाव कोन सांगते इथं?"

"भाव छापलेला आहे. वरून ठरून येतो."

"वरून?" बाईंनी खरोखरच वर आढ्याकडे पाहिलं. "मंग मी भांडू कोनासंग?"

मी आमची नियमावली चाळू लागलो. बाईंनी ती पिशवी मांडणीवर परत ठेवली, फोडलेला कोपरा माझ्याकडे करून, आणि त्या निघून गेल्या. ती पिशवी मी स्वतः विकत घेतली आणि तिच्यातल्या डाळीचं वरण त्यांच्याच चुलीवर करून खाल्लं. "ही दाय कोनती?" त्यांनी विचारलं. मी घाबरून पुढचा घास तोंडात कोंबला.

त्या वर्षी तूर काढणीला आली आणि अवकाळी पाऊस झाला. आसपासची तूर भिजली. शेठजी दरवर्षीप्रमाणे जिल्ह्यातल्याच बीबी गावच्या बाजारातून माल आणून बसले होते. आमची डाळ अकोल्याच्या गिरणीतून आलेली, जुन्या कोरड्या तुरीची. भांडारालाही परीक्षेला बसवा, असा गल्लीतल्या बायकांनी आग्रह धरला. नमुना देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, तरी मी मूठभर डाळ रुमालात बांधून नेली. चुलीवर या खेपेला दोनच गंज चढले : एक शेठजींचा, एक माझा. परीक्षेला स्वतः शेठजी कधी येत नसत. पण त्या दिवशी आले. बाईंची विसरलेली पिशवी द्यायच्या निमित्तानं फाटकाशी उभे राहिले आणि उभेच राहिले.

बाईंनी आधी माझ्या गंजातला दाणा दाबला. दबला. मग शेठजींच्या गंजातला. त्यांनी तो पुन्हा दाबला. दुसरा घेतला. आणखी थोडा जाळ घातला, वाट पाहिली, पुन्हा दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्या निकाल द्यायला वेळ लावत होत्या. सगळ्या बायका त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या, मी शेठजींकडे पाहत होतो, आणि खरं सांगतो, माझीच डाळ पडावी असं मला त्या क्षणी वाटत होतं.

"शेठ," बाई शेवटी म्हणाल्या, "पडली तुमची दाय."

आता शेठजी उसळतील, चुलीला नाव ठेवतील, पाण्याला ठेवतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. शेठजींनी टोपी नीट केली.

"हाव बाई," ते म्हणाले. "पानी लागलं तुरीले. मलेबी वाटलंच होतं."

बाईंचा चेहरा उतरला. तसा उतरलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. "हाव काय म्हनता?" त्या ओरडल्या. "हाव म्हनाले माह्या घरात एक मानूस आहे! भांडा ना!" पण शेठजी पिशवी फाटकावर अडकवून निघून गेले होते. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. यजमानांनी विचारलं, "भूक नाई का?" आणि बाईंनी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "हाव."

सकाळी गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन आमच्या भांडाराकडे निघाल्या. बाईंचा शब्द होता, तो मोडायचा कसा? आणि त्यांच्या समोरून बाई निघाल्या उलट्या दिशेनं. ठेवणीतलं लुगडं, पदर खोचलेला, बरोबर हमालाच्या खांद्यावर रिकामं पोतं. मी कुलूप काढायचं सोडून मागोमाग गेलो. बाई पायरीवर उभ्या राहिल्या, पारड्याखाली बोट फिरवलं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तोला! सालभराची दाय तोला. असली दाय तं कोनी बैलालेबी घालनार नाई, गोट्या आहेत गोट्या!"

शेठजींनी चमकून वर पाहिलं. मग त्यांनी हळूहळू टोपी नीट केली. "दायीले कायले नावं ठेवता बाई?" ते म्हणाले. "शिजवता येत नसन तं तसं सांगा."

"मले शिजवता येत नाई?" बाईंचा आवाज चढला आणि चेहरा असा उजळला की काय सांगू! "अरे, तू गादीवर बसला नव्हता तवापासून मी शिजवून राह्यली!" पुढे बराच वेळ ते दोघं भांडले. भांडाराकडे निघालेल्या बायका वाटेतच थांबल्या आणि त्यांतल्या दोघीतिघींनी आपल्या टोपल्या शेठजींच्याच पायरीवर ठेवल्या. बाकीच्या आमच्याकडे आल्या. दोन्ही दुकानं चालली. जगात सगळ्यांचं थोडंथोडं चालू शकतं, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

पण ती डाळ आम्हाला वर्षभर खावी लागली. बाई ती आदल्या दिवशीच भिजत घालत, जाळावर जाळ घालत, आणि तरी ताटात कण लागे. प्रत्येक घासाला त्या शेठजींचा उद्धार करत आणि दुसऱ्यांदा वरण वाढून घेत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "बाई, भांडारातली आणू का थोडी?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुही दाय चांगली आहे बाबू," त्या म्हणाल्या. "पन तिले काय बोलू?"

काही वर्षांनी शेठजी थकले. मुलगा मलकापूरला नोकरीला होता, तो त्यांना घेऊन गेला आणि दुकानाला कुलूप लागलं. ते निघताना बाई फाटकापर्यंतही गेल्या नाहीत. घरातूनच ओरडल्या, "तिकडच्या दायीले नावं ठेवू नका, लोकं बाहेर काढतीन!" आणि दाराआड बराच वेळ उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मग एक दिवस बाई भांडारात आल्या. आत आल्या, पायरीवर थांबल्या नाहीत. टोपली घेतली, डाळीच्या मांडणीसमोर उभ्या राहिल्या. मी नोकराला बाजूला केलं, टेबलामागून उठलो, डोक्यावर नसलेली टोपी नीट केली आणि जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात म्हणालो, "उगाच नावं ठेवू नका बाई, आमची डाळ पहिल्या नंबरची आहे!"

बाई वळल्या. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. मग त्या हसल्या, आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे बाबू," त्या म्हणाल्या. "तुले भांडता येत नाई."

त्यांनी पिशवी उचलली आणि न फोडता टोपलीत ठेवली.

रात्री वरण झालं ते लोण्यासारखं. कुठे कण म्हणून नाही. यजमान म्हणाले, "चांगली शिजली." मीही मान डोलावली. बाईंनी एक घास घेतला, आणि ताटाकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "हाव."