जोडव्यांचे वळ
आईचे पाय धुवायचा साबण ओला झाला, की मला अंगणातली ती सकाळ आठवते. हवेत साखर कारखान्याच्या मळीचा वास होता. हत्तीरोगाने आईचे दोन्ही पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. खाली ओल राहून जखमा चिघळायच्या, हुडहुडी भरून ताप यायचा. नर्सबाईंनी जोडवी काढून बोटांच्या बेचक्या रोज धुवायला, कोरड्या ठेवायला सांगितलं होतं. "धनी शेतस ना, मंग जोडवा कसा काढू?" म्हणत आई अडून बसली; नवरा हयात असताना जोडवी उतरवणं तिला अशुभ वाटायचं. शेवटी वडिलांनीच सोनाराला घरी बोलावलं. साबण लावूनही जोडवी सरकेनात, तेव्हा वडिलांनी तिचा जड पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, आपण इथेच बसलोय असं सोनाराला सांगितलं. "काप भाऊ. मी आठेच बठेल शे." चांदी तुटताना आईने डोळे घट्ट मिटले. ताप थांबला, जखमा भरल्या, आणि पुढच्याच उन्हाळ्यात वडील गेले. जोडवी उतरवायला बायका जमल्या, तर आईच्या पायांत उतरवण्यासारखं काहीच नव्हतं. आता तिचे पाय मी धुते. बोटांवरचे वळ अजून दिसतात. बेचक्या पुसायला लागले, की ती पाय ओढून घेते. "ऱ्हाऊ दे. एक डाव मी बरी व्हयनू, नि धनी गयात."