पुसली गेलेली दुरुस्ती

मंगळवार, सकाळचे दहा. हजर: मी, चाचण्या घेणाऱ्या सुनीताताई, कोड सांभाळणारे देशपांडे.

सलाइनच्या पंपाचा, नळीत हवा शिरल्याचा धोक्याचा इशारा चाचणीत पुन्हा उशिरा वाजला. आमचा कोड आराखड्यातून आपोआप तयार होतो. देशपांड्यांनी इशाऱ्याची वेळ आराखड्यात न बदलता कोडमध्येच हाताने सुधारली होती. काल कोड नव्याने काढला आणि सुधारणा पुसली गेली.

“तिसऱ्यांदा, देशपांडे! नळीतली हवा तुमच्यासाठी थांबणार आहे का?” सुनीताताई कडाडल्या.

“आराखडा बदलला की सगळ्या चाचण्या पुन्हा. करताय?”

सुनीताताईंनी चाचण्यांची यादी मिटून बाजूला ठेवली. मला वैताग आला, पण बोलू कोणाला? घरी गळक्या नळाखालची बादली मीही रोज न चुकता बदलते. मुळाशी जायला अख्खा दिवस लागतो.

पंप शुक्रवारी रुग्णालयात जायचा आहे. आराखड्यात वेळ अजून जुनीच आहे.