दहा जर्सींचं मैदान

नगरहून शेवगावची एसटी सुटली तेव्हा मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. सावेडीच्या आमच्या घरात माझं मत शेवटी विचारतात, तेही भाजी चिरून झाल्यावर. पण धाकट्या बहिणीचा, मार्थाचा फोन आला होता. "दादा, दानी आखातात खेळायला निघालाय. माझं ऐकत न्हाई. मामाला बोलव म्हनतो. तू ये अन् थांबव त्याला." भाच्याला आपलाच सल्ला हवाय, या कल्पनेनं मी तिसगावपर्यंत उपदेशाची उजळणी केली.

शेवगावला काळीपिवळी (गावोगाव माणसं कोंबून धावणारी जीप) मिळाली. शेजारच्या बाईंना गाव सांगितलं.

"फुटबॉलवाल्यांचं व्हय? तुमी कुनाचे मामा?"

मामा आहे हे मी सांगितलंच नव्हतं. उत्तर दिल्यावर बाई जरा लांब सरकल्या. माझ्या आकारामुळे असेल, असं मी मानलं.

मार्थानं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची झणझणीत वळवटं) केले होते. दानी मान खाली घालून जेवला. चोवीस वर्षांचा, गोलकीपर. आखातातल्या त्या नव्या, पैशानं वाहणाऱ्या लीगनं गावातली दहा पोरं एकेक करून नेली होती. दहाही घरांवर स्लॅब पडला होता.

"मॅच टीव्हीवर लागती," मार्था म्हणाली. "समदं गाव बघतं. पन आपलं एकबी पोरगं कधी दिसलं न्हाई."

चारच्या सुमारास दानी मला मैदानावर घेऊन गेला. चुन्याच्या रेषा ताज्या होत्या. मैदानभर दहा मेढी (जमिनीत रोवलेले बांबू) उभ्या होत्या, प्रत्येकीवर आडवी काठी आणि तीवर जर्सी. ज्याची जी जागा, तिथं त्याची मेढ. डोकं एकालाही नव्हतं. वाऱ्यानं सगळ्या बाह्या एकाच बाजूला वळल्या, तशी मीही मान वळवली. तिकडे काहीच नव्हतं.

कडेला सर बसले होते. याच पोरांना ज्यांनी शिकवलं, ते पीटीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी शिट्टी वाजवली. वारा पडला आणि दहाही जर्सी जागच्या जागी थांबल्या.

मी उपदेशाला हात घातला. "दानी, परमुलखात..."

"मामा, कैलासचा फोन आल्ता," तो शांतपणे म्हणाला. कैलास म्हणजे दहांतला सगळ्यात आधी गेलेला. "तिथं मॅच न्हाई खेळवत. मोठे खेळाडू सराव करत्यात, त्यांच्यासमोर हुबं ऱ्हायचं. हलायचं न्हाई. ते बाजूनं चेंडू काढत्यात."

"मग कशाला जातोस?"

"मी गोलकीपर हाय. मला निदान चेंडू तरी मारतील. इथं कोन मारतंय?"

तेवढ्यात गोलपाशी अर्धवट रोवलेला एक बांबू दाखवत सर म्हणाले, "पाव्हनं, खांदा धरलाय माझा. दोन घाव घालता का?" उत्तर द्यायचं टळतंय म्हणून मी आनंदानं घण उचलला. दोन सांगितले होते, मी पाच घातले. जाळीचा खांब असेल, असं समजून.

दानीनं त्याला आडवी काठी बांधली आणि अंगातली जर्सी काढून तिच्यावर चढवली.

"झालं," सर म्हणाले. "मामानं मेढ ठोकली. आता पोरगं मोकळं."

"म्हणजे?"

"मामाच्या हातची मेढ असल्याबिगर कुनी गाव सोडत न्हाई. लगीन असू दे, न्हाईतर हे. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. दानीला होतं. मागे वळलो तर मार्था उभी होती. मला वाटलं, शिव्या घालेल. ती पुढे झाली, जर्सीची बाही सरळ केली, कॉलर नीट बसवली आणि म्हणाली, "दादा, तुला मी नुसतं बोलायला बोलवलं हुतं."

परतीच्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. एखाद्याला थांबवायला शब्द जमवावे लागतात. जाऊ द्यायला हातांना काही तरी काम मिळालं तरी पुरतं, हे पन्नाशीनंतर मला त्या गावात कळलं. जीप मैदानावरून वळली. गोलमध्ये दोघं उभे होते, दानी आणि त्याची मेढ. मी हात केला. उन्हं डोळ्यांवर होती, त्यातला दानी कोणता ते कळेना. दोघांपैकी कुणीच हात केला नाही.